भीती कुत्र्याच्या मांसाची, गाठ डुकराच्या चरबीशी

पारनेर तालुक्यातल्या सुपा औद्योगिक वसाहतीत वातानुकूलन यंत्रे बनवणाऱ्या कॅरियर-मिडिया या भागीदारी कंपनीचा कारखाना आहे. यातल्या मिडियाचे मुख्यालय दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, फोशान शहराच्या शुन्दे भागात आहे. हेच शुन्दे युनेस्कोने २०१४ मध्ये पाककलेसाठी नावाजलेल्या शहरांच्या यादीत घेतले. नगर-पुणे रस्त्यावरच्या कारखान्याचा धागा असा थेट चीनमधल्या नामांकित चुलींपर्यंत पोचतो. तरीही नोकरी, व्यापार किंवा डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी कोणी चीनला निघाला की घरचे त्याच्या बॅगेत चिवडा, लोणचे आणि भाजणीचे पीठ कोंबतात आणि दोन सूचना देतात: तिथले काही खाऊ नकोस, आणि मसाजच्या दुकानाची पायरी चढू नकोस. करोनापूर्वी चीनमध्ये शिकणाऱ्या भारतीयांची संख्या तेवीस हजारांच्या पुढे होती आणि त्यातले बहुतेक वैद्यकीय शाखेचे होते, तेव्हा या सूचना किती घरांतून दिल्या गेल्या असतील याची कल्पना करता येते. सूचनांमागे माया आहे, यात शंका नाही. पण त्यांना आधार ऐकीव माहितीचा आहे, आणि तिचा खरा तोटा नवे काही चाखायचे राहून जाते हा नाही. भलत्याच गोष्टीला भिणारा माणूस जिथे जपायला हवे तिथे नेमका बेसावध राहतो, हा तो तोटा.

चिनी जेवणाची आपली कल्पना मुळात आली कुठून? नगरच्या सावेडीपासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंत संध्याकाळी लागणाऱ्या ‘चायनीज’च्या गाड्यांवरून. लालभडक रंग, ढीगभर कोबी, कॉर्नफ्लोअरचा दाट रस्सा, वर शेजवान चटणी. यातले मंचुरियन १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने पहिल्यांदा केले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मांचुरियात ते मागाल तर वाढप्याला काही कळणार नाही. ‘शेजवान’ची गोष्ट आणखी मजेची आहे. सिच्वान प्रांत तिखटासाठी प्रसिद्ध आहे खरा, पण तिथल्या चवीचा प्राण आहे ह्वाज्याव नावाच्या बारीक फळाच्या सालीत. ती चावली की जीभ झिणझिणते आणि बधिर होते. नगरकराला हे परके वाटेल, मालवणच्या माणसाला वाटणार नाही. बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ह्वाज्यावचे सख्खे भावंड आहे. मिरची तर मूळची चीनची नाहीच. आपल्याकडे आली तशी तिथेही ती अमेरिका खंडातून समुद्रमार्गे गेली, आणि चिनी ग्रंथांत तिचा पहिला ज्ञात उल्लेख १५९१ चा, तोही शोभेचे झाड म्हणून. शुन्दे आणि एकूण ग्वांगडोंगचे जेवण याच्या अगदी उलट, सौम्य असते: वाफवलेला मासा, आल्याचे बारीक काप, थोडा सोया सॉस. म्हणजे गाडीवरचे चायनीज आवडते म्हणून खुशीत जाणारा आणि ते आवडत नाही म्हणून धास्तावलेला, हे दोघेही भारतीय पदार्थावरून चीनचा अंदाज बांधत असतात.

आता मोठी भीती: ‘ते लोक कुत्री, साप, सगळे खातात.’ चीनच्या काही भागांत कुत्र्याचे मांस खाल्ले जाते, हे खोटे नाही. पण ते रोजचे अन्न कधीच नव्हते, आणि अलीकडे कायद्याचा कलही विरोधात गेला आहे. २४ फेब्रुवारी २०२० रोजी चीनच्या संसदेच्या स्थायी समितीने जमिनीवरचे वन्यप्राणी खाण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी कृषी मंत्रालयाने पशुधनाच्या यादीत कुत्र्याला जागा दिली नाही, आणि ग्वांगडोंगमधल्याच शन्जन शहराने १ मेपासून कुत्र्या-मांजरांच्या मांसावर बंदी लागू केली. मग ग्वांगशीतल्या युलिनच्या ‘कुत्रा महोत्सवा’चे काय, असा प्रश्न येतोच. तो भरतो. पण तो सुरू झाला २०१० च्या आसपास, त्यामुळे त्याला प्राचीन परंपरा म्हणता येत नाही, आणि त्याला कडवा विरोध करणाऱ्यांत चिनी नागरिक मोठ्या संख्येने आहेत. कॉलेजच्या कँटीनमध्ये कोणी न सांगता कुत्रा वाढेल ही धास्ती निराधार आहे. जे खरोखर न सांगता ताटात येते ते डुक्कर. जगात खाल्ल्या जाणाऱ्या डुकराच्या मांसापैकी जवळपास निम्मे एकट्या चीनमध्ये खपते. पालेभाजी चरबीत परतलेली असू शकते, साधे दिसणारे सूप हाडांचे असते, भाजीत चिकन पावडर किंवा कालवांचा सॉस पडतो, आणि मापो टोफू या प्रसिद्ध पदार्थात टोफूसोबत खिमा असतो. आपल्याकडे बंद पाकिटावर हिरवी किंवा तपकिरी खूण पाहून खरेदी करायची सवय झालेली आहे. चीनमध्ये अशी सक्तीची खूण नाही. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून निर्धास्त झालेला शाकाहारी फसतो. मांस नको, मासळी नको, चरबी नको, हाडांचे पाणी नको, चिकन पावडर नको, हे पाचही चिनी लिपीत लिहिलेले कार्ड फोनमध्ये ठेवणे जास्त उपयोगाचे. मुस्लिम खाणावळींबाबतही हाच घोटाळा होतो. लान्झोउच्या हाताने ओढलेल्या शेवयांची दुकाने गावोगाव आहेत आणि तिथे डुक्कर नसते, हे बरोबर. पण त्या शेवयांचा रस्सा गोमांसाचा असतो. ते वर्ज्य असणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावे.

यावरून ‘शाकाहाऱ्याची तिथे उपासमारच’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो, आणि तोही चुकीचा ठरतो. चीनची शाकाहारी परंपरा दीड हजार वर्षांची आहे. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने बौद्ध भिक्षूंना मांस आणि मद्य वर्ज्य केले, आणि तेव्हापासून चिनी मठांची स्वतंत्र पाककला वाढली. टोफू, गव्हाचे ग्लुटेन, अळंबी, कमळकाकडी आणि बांबूचे कोंब हे तिचे भांडवल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या मठांत कांदा, लसूण आणि त्या जातीच्या उग्र भाज्याही चालत नाहीत. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या परिसरातल्या एखाद्या माळकऱ्याला चातुर्मासात कांदा-लसणाशिवायचे जेवण शोधत पुण्या-मुंबईत हॉटेले धुंडाळावी लागतील. चीनमधल्या मोठ्या बौद्ध मंदिराशेजारी ते सहज मिळू शकते. अशा खाणावळींच्या पदार्थांना नावे मात्र ‘बदक’, ‘मासा’, ‘कोंबडी’ अशीच असतात, कारण टोफूला त्या प्राण्याचे रूप आणि चव देण्यातच तिथल्या आचाऱ्याचे कसब दिसते. नावाने दचकू नये. पण मंदिर रोज हाताशी नसते, असा आक्षेप कोणी घेईल. खरे आहे. रोजच्यासाठी बटाट्याचा आंबट-तिखट कीस, लसणीवर परतलेल्या पालेभाज्या, काकडीची कोशिंबीर आणि अंडे चालत असेल तर टोमॅटो-अंडे हे पदार्थ जवळजवळ कुठल्याही कँटीनमध्ये असतात. तेल कोणते, एवढे विचारायचे.

‘तिकडे नुसता भात’ ही समजूत तर ज्वारी-बाजरीच्या नगर जिल्ह्याला शोभत नाही. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या उत्तरेकडचा चीन गव्हाचा आहे: शेवया, वाफवलेले पाव, मोमोसारखे ज्याओझ. ईशान्येत आणि शान्शीत ज्वारी पूर्वापार पिकते, फक्त तिची भाकरी होत नाही; फन-ज्यूसारखी दारू होते. पीठ मळण्याची हौस असेल त्याला हे ऐकून वाईट वाटेल. आणि आपल्याकडे विस्मरणात गेलेला राळा मूळचा उत्तर चीनमध्येच माणसाळवला गेला. तिथे त्याची पातळ पेज आजही सकाळी प्यायली जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेई प्रांतात वारले. ज्या सैन्याबरोबर ते राहिले त्याचे मुख्य अन्न हाच राळा होता.

अजिनोमोटोबद्दल थोडक्यात. ते, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदांनी शोधले, चीनमध्ये त्याचे उत्पादन १९२३ मध्ये शांघायला सुरू झाले, आणि त्याची बदनामी सुरू झाली १९६८ मध्ये, एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका डॉक्टरच्या पत्रातून. त्यानंतरच्या तपासण्यांत इतकेच निघाले की रिकाम्या पोटी तीन ग्रॅम किंवा अधिक घेतल्यास काही थोड्या लोकांना तात्पुरते डोके दुखणे किंवा अंग गरम होणे असे सौम्य त्रास होऊ शकतात. हेच ग्लुटामेट टोमॅटोत आणि आईच्या दुधातही असते. मग चीनचे अन्न निर्धास्त खावे का? तसे मी म्हणणार नाही. २००८ मध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळल्यामुळे सुमारे तीन लाख बाळे आजारी पडली आणि सहा दगावली. गटारातून उपसलेले तेल गाळून पुन्हा विकण्याचे प्रकारही उघडकीस आले. २००९ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०१५ ची त्याची कडक सुधारणा यांतूनच आली. ग्लुटामेटच्या चिमटीला भिऊन वारंवार तापवलेल्या तेलाकडे दुर्लक्ष करणारा मात्र चुकीचा हिशेब मांडतो, मग तो चीनमधल्या चंगदूत असो वा नगरच्या दिल्ली गेटच्या गाडीवर.

मसाजबद्दलचा गैरसमज दुहेरी आहे. न गेलेले लोक त्याला अनीतीचा अड्डा समजतात आणि जाऊन आलेले त्याला सर्व रोगांवरचा उपाय मानू लागतात. पहिला गैरसमज आपल्या इतिहासालाच सोडून आहे. तालमीतल्या पैलवानाची मालिश, बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी बाई, हे आपल्याकडे घरोघरचे. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरीची कुस्ती अहिल्यानगरात झाली, त्या पैलवानांना अंग रगडून घेण्यात कुणी पाप सांगत नाही. चीनमध्ये ही विद्या तुइना या नावाने वैद्यकाचा भाग आहे. तांग राजवटीत (६१८ ते ९०७) राजवैद्यशाळेत मालिशीचे स्वतंत्र अध्यापक होते, आणि आज पारंपरिक चिनी औषधांच्या रुग्णालयांत तिचा वेगळा विभाग असतो. शिवाय अंध व्यक्तींचा हा तिथे मानाचा व्यवसाय आहे. बी फैय्यू यांची नानजिंगमधल्या अंध मालिशवाल्यांवरची ‘तुइना’ ही कादंबरी २००८ मध्ये आली आणि तिला २०११ चा माओ दुन पुरस्कार मिळाला. संकोची माणसाला एक माहिती दिलासा देईल: आपली मालिश उघड्या अंगावर, तेलाने होते, तुइना अंगातल्या कपड्यांवर पातळ चादर टाकून, कोरडीच करतात.

पण वाईट दुकाने नसतातच का? असतात. वेश्याव्यवसाय चीनमध्ये बेकायदा आहे आणि तो काही ठिकाणी मसाजच्या पाटीआड चालतो. भरमसाट बिल लावून अडवून धरण्याचे प्रकारही होतात. फरक ओळखणे अवघड नाही. दर भिंतीवर लिहिलेले, काचेतून आतले दिसणारे, दिवसा उजेडात आजीपासून नोकरदारापर्यंत गिऱ्हाईक येणारे दुकान एका बाजूला. रस्त्यात गाठून ओळख वाढवणारी अनोळखी व्यक्ती जिथे नेते ते दुसऱ्या बाजूला. बक्षिशी देण्याची चीनमध्ये पद्धत नाही, त्यामुळे लिहिलेल्या दरावर कोणी वेगळे पैसे मागू लागले तर तिथेच सावध व्हावे.

दुसरा, सर्वरोगहारी मसाजाचा गैरसमज मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो सुशिक्षितांनाही होतो. तळपायाच्या नकाशावर यकृत कुठे, मूत्रपिंड कुठे हे दाखवणारी ‘हजारो वर्षांची चिनी विद्या’ घ्या. तो नकाशा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम फिट्झगेराल्ड आणि युनिस इंगहॅम या अमेरिकनांनी तयार केला, आणि तैवानमध्ये तो लोकप्रिय केला योसेफ ऑयग्स्टर या स्विस धर्मगुरूने. पायाला आराम मिळतो हे खरेच. पण त्याने कुठला आजार बरा होतो असा ठोस पुरावा पद्धतशीर आढाव्यांत सापडलेला नाही. कंबरदुखीवर मालिशीने तात्पुरता आराम पडतो, असे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले, आणि तो पुरावाही कच्चा असल्याचे तिथेच नोंदले आहे. ग्वाशाने, म्हणजे अंग खरवडण्याच्या उपचाराने, पाठीवर ओढलेले लाल पट्टे किंवा कपिंगची वर्तुळे ही बाहेर आलेली विषे नाहीत. त्वचेखालच्या केशवाहिन्या फुटून साकळलेले रक्त आहे. तुंबडी लावणारे वैदू ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवीन काही दिसणार नाही.

जपायचे ते इथे. ‘जितके दुखेल तितके चांगले’ हे मालिशवाला म्हणतो आणि नवखा दात-ओठ खाऊन सोसतो. दुखले की थांबवायला सांगण्यात लाज नाही. मानेला झटका देऊन ‘कट्ट’ आवाज काढायला साफ नकार द्यावा, कारण त्यात मानेतली धमनी फाटण्याचा धोका विरळा असला तरी खरा आहे, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पायात गुठळी झालेली असेल, हाडे ठिसूळ असतील, ताप असेल किंवा गर्भारपण असेल तर ते आधी सांगावे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. पायांच्या मसाजाआधी पाय लाकडी बादलीतल्या गरम पाण्यात बुडवायला देतात. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला त्या पाण्याने कातडी भाजलेली कळत नाही. त्याने पाणी आधी हाताने पाहावे, किंवा कोमटच आणायला सांगावे.