चिठ्ठीवरचं हसनाबाद

हसनाबाद नावाचं एक गाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात आहे. दुसरं पश्चिम बंगालमध्ये, उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात, इछामती नदीच्या काठी, सुंदरबनच्या तोंडाशी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, तर तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्याचं हुस्नाबादही याच रांगेत येतं. वाळवून कागदावर शिवलेल्या एखाद्या फांदीखाली, पन्नास-साठ वर्षांपूर्वी, कुणी नुसतं 'हसनाबाद' एवढंच लिहून ठेवलेलं असतं. ते आज संगणकाला तसंच्या तसं दिलं, तर काळ्या रानातलं झाड नकाशावर खाऱ्या पाण्याच्या काठी जाऊन उभं राहू शकतं, हजार किलोमीटरहून जास्त दूर.

हर्बेरियमचा, म्हणजे वनस्पतिसंग्रहालयाचा डेटाबेस उभा करताना खरा घोळ असा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हे टंकलेखनाचं काम आहे. चार मुलं बसवली, चिठ्ठ्या वाचून एक्सेलमध्ये भरल्या, झालं. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांमध्ये वनस्पतिशास्त्राच्या विभागात जी लोखंडी कपाटं उभी आहेत, त्यांच्यावर या समजुतीनं फार अन्याय केला आहे.

संग्रहातला एक नमुना म्हणजे साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचा जाड कागद, ज्याला सगळे शीटच म्हणतात. त्यावर दाबून वाळवलेली फांदी, शक्यतो फुलाफळासकट, दोऱ्यानं टाचलेली किंवा डिंकानं चिकटवलेली. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा स्वतःचा क्रमांक. जगभरात अशी साडेतीन हजारांच्या आसपास चालू संग्रहालयं आहेत आणि त्यांत मिळून चाळीस कोटींच्या घरात नमुने. आपल्या देशातला सर्वांत मोठा संग्रह हावड्याला, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रीय हर्बेरियममध्ये. महाराष्ट्रात याच सर्वेक्षणाचं पुण्याचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. मुंबईला सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा संग्रह आहे, पुण्यात आघारकर संस्थेचा, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा.

मराठवाड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती कळल्याशिवाय हसनाबादच्या एका शीटचं मोल कळत नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही कोकणात किंवा देशावर काम करणारा माणूस तो ग्रंथ उघडल्याशिवाय पुढे जात नाही. पण कुकची हद्द इलाख्याच्या सीमेवर संपते. भोकरदन, जालना, बीड, परभणी हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो या ग्रंथातून बाहेरच राहिला. सीमा ओलांडताना पळस काही थांबला नाही, थांबली ती नोंद. ही उणीव भरून निघायला बराच काळ गेला. मराठवाडा विद्यापीठात शिकवणाऱ्या व्ही. एन. नाईक यांनी उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवर १९७९ मध्ये आणि साऱ्या मराठवाड्यावर १९९८ मध्ये दोन खंडांत ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे कुकनंतर नव्वद वर्षांनी. ज्या प्रदेशाची छापील नोंद इतक्या उशिरा झाली, तिथल्या कपाटातली प्रत्येक जुनी शीट हा पुरावा आहे, आणि तो सापडेल असा ठेवणं हे आपलं देणं आहे.

आता एक शीट जवळून पाहू. समजा, १९७६ च्या पावसाळ्यात एखाद्या विद्यार्थ्यानं हसनाबादच्या शिवारातून बाभळीची फुलं आलेली फांदी आणली. चिठ्ठीवर त्यानं लिहिलं: अकेशिया अरेबिका, हसनाबाद, जि. औरंगाबाद, नाल्याकाठी, ३/८/७६, क्रमांक २१४. एवढ्या एका ओळीत पाच खड्डे आहेत.

पहिला जिल्ह्याचा. भोकरदन तालुका १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्यात आला, त्याआधी तो औरंगाबादमध्ये होता. विद्यार्थ्यानं लिहिलं ते त्या दिवशी बरोबर होतं. पण आज टंकलेखन करणारा सद्‌हेतूनं 'औरंगाबाद' खोडून 'जालना' घालतो, आणि दहा वर्षांनी येणाऱ्याला मूळ चिठ्ठीवर काय होतं याचा पत्ता लागत नाही. आता तर औरंगाबादही छत्रपती संभाजीनगर झालं आहे. १९४८ पूर्वीची शीट असेल तर तिच्यावर 'हैदराबाद संस्थान' असेल, आणि त्या संस्थानात तेलंगणातलं हुस्नाबादही होतं. म्हणून चांगल्या डेटाबेसचा पहिला नियम असा: चिठ्ठीवर जे आहे ते, चुकीच्या स्पेलिंगसकट, एका रकान्यात जसंच्या तसं. त्याचा आपण लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात. आणि तो अर्थ कुणी, कधी, कशावरून लावला ते तिसऱ्यात. या कामात बाकी सगळं विसरलं तरी चालेल, पण हे विसरून चालणार नाही, असं माझं ठाम मत आहे. चूक दुरुस्त करता येते. पुसून टाकलेली मूळ नोंद परत आणता येत नाही.

दुसरा खड्डा तारखेचा. ३/८ म्हणजे आपल्याकडे तीन ऑगस्ट. अमेरिकी मांडणी लावलेला संगणक त्याचं आठ मार्च करतो आणि तसं करताना कुणाला विचारत नाही. जुने वनस्पतिशास्त्रज्ञ महिना रोमन आकड्यात लिहायचे, त्यामागे हीच खबरदारी होती. '७६' चं शतकही संगणक स्वतःच ठरवतो. आणि एक्सेल १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, त्यामुळे कुकच्या काळातले नमुने तिथे अडतात. दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने केले की हे सगळं टळतं. नुसतं वर्ष माहीत असेल तर उरलेले दोन रिकामे राहू शकतात.

तिसरा खड्डा जागेचा. 'नाल्याकाठी' म्हणजे कुठल्या? १९७६ मध्ये जीपीएस नव्हतं. सामान्य माणसाला ते नेमकेपणानं वापरता येऊ लागलं ते मे २००० नंतर, अमेरिकेनं मुद्दाम ठेवलेली अचूकतेतली तूट काढून टाकल्यावर. त्यामुळे जुन्या शीटसाठी गावाचा मध्य धरून अक्षांश-रेखांश लावावे लागतात, आणि त्यापुढे एक आकडा लिहावा लागतो: ही जागा इतक्या मीटरच्या परिघात कुठेही असू शकते. हा आकडा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. मग नकाशावरचा ठिपका गावठाणाच्या मधोमध, एखाद्या घराच्या छपरावर बसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, झाड तिथेच होतं.

चौथा नावाचा, आणि तो सगळ्यांत सुंदर आहे. त्या चिठ्ठीवरचं अकेशिया अरेबिका पुढे अकेशिया निलोटिका झालं. मग २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अकेशिया हे कुलनाम ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका झाली. शीटवर हे सगळं दिसतं: मूळ चिठ्ठी तशीच, आणि वर एकाखाली एक लहान पट्ट्या, प्रत्येकीवर नवं नाव, ओळखणाऱ्याची सही, साल. कुणी कुणाची पट्टी काढत नाही. डेटाबेसनंही तसंच वागायला हवं. नमुना एका तक्त्यात, ओळखी दुसऱ्या तक्त्यात, आणि एका नमुन्याला हव्या तितक्या ओळखी. एक्सेलच्या एका ओळीत हे बसत नाही, आणि म्हणूनच ऑक्सफर्डचं ब्राह्म्स, कॅन्ससचं स्पेसिफाय यांसारखी खास या कामासाठी केलेली सॉफ्टवेअर वापरली जातात.

पाचवा खड्डा क्रमांकाचा. २१४ हा त्या विद्यार्थ्याचा क्रमांक, संग्रहालयाचा नव्हे. त्यानं एकाच झाडाच्या तीन फांद्या घेतल्या असतील तर तिन्हींचा क्रमांक २१४, आणि त्यांतली एक पुण्याला, एक हावड्याला गेलेली असू शकते. संग्रहालयाचा दाखल क्रमांक आणि बारकोड वेगळा, प्रत्येक शीटला एकच. जालन्यात हे समजावणं सोपं आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली तेव्हापासून हा जिल्हा बियाण्याचा. पेरलेलं उगवलं नाही तर शेतकरी पिशवीवरचा लॉट नंबर घेऊन दुकानात जातो, पिशवीवरचं चित्र घेऊन नाही. दोन संग्रहालयांतल्या त्या २१४ क्रमांकाच्या जुळ्या शीट एकमेकींना सापडायच्या, तर माणसाचं नावही एकाच पद्धतीनं लिहिलेलं हवं. कुठे आडनाव आधी, कुठे आद्याक्षरं आधी असेल, तर एकाच माणसाचे चार जण होतात.

या रकान्यांना जगभर एकच नावं असावीत म्हणून डार्विन कोअर नावाचं प्रमाण २००९ मध्ये मान्य झालं. त्यात 'चिठ्ठीवरचं ठिकाण जसंच्या तसं' यासाठी वेगळा रकाना आहे, 'किती मीटरची अनिश्चितता' यासाठीही आहे. आपल्या शंका जगालाही पडल्या होत्या, हे पाहून बरं वाटतं.

प्रतिमा घेणं हे त्यानंतरचं काम. शीट कॅमेऱ्याखाली सपाट ठेवायची, बाजूला मोजपट्टी आणि रंगपट्टी, दोन्हीकडून सारखा उजेड. शीट उलटी करायची नाही, पाकळ्या गळतात. म्हणूनच लंडनच्या क्यू वनस्पतिबागेत स्कॅनरच उलटा टांगून शीट खालून वर उचलायची युक्ती काढली गेली. दर इंचाला ६०० ठिपक्यांनी एक शीट टिपली तर मूळ फाइल सुमारे २०० एमबीची होते, म्हणजे दहा हजार शीटना दोन टेराबाइट, आणि तेवढीच जागा दुसऱ्या प्रतीसाठी, दुसऱ्या इमारतीत. एक सावधगिरी जिवाची: किडीपासून राखण्यासाठी जुन्या शीट मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. पारा पन्नास वर्षांत उडून जात नाही. हातमोजे नसतील तर मुलांना कपाटाला हात लावू देऊ नये.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर गाजरगवतात आहे. हसनाबादच्या कुठल्याही बांधावर ते दिसेल. भारतात ते पहिल्यांदा दिसलं असं मानलं गेलं ते पुण्याला, १९५५ मध्ये, आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आर. शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये देशासाठी नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केलं. पुढच्या अभ्यासात असं पुढे आलं की डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या कपाटात डिट्रिख ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला याच गवताचा नमुना होता. पाऊणशे वर्षं तो तिथे होता. रावांनी त्यांच्या परीनं बरोबरच लिहिलं. शेकडो किलोमीटर लांबच्या कपाटात काय आहे हे पुण्यात बसून कळण्याची सोयच नव्हती. आज ती सोय होते आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आभासी हर्बेरियम २०२२ मध्ये कोलकात्यात खुलं झालं, तेव्हाच त्यावर सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. त्या जाळ्यात लहान महाविद्यालयांच्या शीट अजून यायच्या आहेत.

सगळंच उघड करायचं नसतं. कंदीलपुष्पासारख्या, मोजक्या टेकड्यांवर उरलेल्या झाडांचा नेमका अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकला की कंद खणून नेणाऱ्याची सोय होते. तिथे लोकांना तालुका दाखवावा, नेमकी जागा आत राखून ठेवावी.

आणि मराठी नावं. इंग्रजीतून चालणाऱ्या या कामात ती बहुधा शेवटी आठवतात. ज्या चिठ्ठीवर 'तरोटा' किंवा 'टाकळा' लिहिलेलं आहे, तिथे ते देवनागरीतच, युनिकोडमध्ये जायला हवं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या पडद्यावर मराठी दिसतात, पण शोधल्या तर सापडत नाहीत. त्या रूपांतरित करून, डोळ्यांनी तपासून घ्याव्या लागतात. एका झाडाला चार नावं असतील तर चारही ठेवावीत, ज्याच्या त्याच्या गावासकट.

इथे हसनाबादच्या ग्रामपंचायतीचा संबंध येतो. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. नोंदवहीत गावकऱ्यांनी सांगितलेली नावं आणि उपयोग येतात, पण 'हिवर' म्हणून सांगितलं ते नेमकं कुठलं झाड, हे नुसत्या नावावरून पुढे ठरवता येत नाही. त्या नावापुढे एका शीटचा दाखल क्रमांक लिहिला की कुणालाही ती शीट काढून पडताळता येतं, आणि शास्त्रीय नाव उद्या बदललं तरी नोंद तुटत नाही. त्यासाठी लाकडी प्रेस, जुनी वर्तमानपत्रं, जाड कागद आणि दोरा एवढंच सामान लागतं. ओळख पटवून पट्टीवर सही करणारी माणसं विद्यापीठाच्या विभागात आहेत, आणि झाड कुठल्या नाल्याच्या कुठल्या वळणावर आहे ते सांगणारी गावात. जी नवी फांदी उद्या कागदावर चढेल, तिच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि अक्षांश-रेखांश हे सगळं पहिल्याच दिवशी लिहावं.