रक्त ‘पातळ’ आणि आजोबांची दाढी

वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्या आजोबांची दाढी करायला घरचे घाबरतात. रक्त पाण्यासारखे पातळ झाले आहे, असे त्यांना वाटते. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ असे नावच पडले आहे, त्यामुळे गैरसमज स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही औषधे रक्तगोठणरोधक (रक्ताची गुठळी होण्याची क्रिया मंदावणारी) असतात. विरजण कमी पडले तर दूध पातळ होत नाही, दही लागायला वेळ लागतो, तसेच हे.

म्हणून दाढी टाळू नये. ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर वापरावा, गालाची सैल कातडी बोटांनी हलकेच ताणून धरावी. कापलेच तर स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबावे. मध्येच उचलून पाहिले, की धरू लागलेली गुठळी निघते. तरीही रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांना कळवावे. गोळी मात्र परस्पर बंद करू नये.