बिनवारशी औषधांचा वाली कोण?

वऱ्हाडांत बाभुळगांवासारख्या गांवीं घरांतील एखाद्या कर्त्या बाईच्या स्तनांत गांठ निघाली, तर ती प्रथम लाजेस्तव लपविली जाते. मग यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर आणि शेवटीं मुंबई अशी धांवपळ सुरू होते. तींत कापसाचे पैसे जातात, प्रसंगीं दागिनेहि जातात. अशा वेळीं घरची मंडळी विचारतात, "यापेक्षां स्वस्त असें कांहीं औषध नाहीं काय?" आमचें उत्तर असें कीं, स्वस्त औषधें कदाचित् असतीलहि, पण तीं कर्करोगावर गुणकारी आहेत किंवा नाहींत, हें पाहण्याचा खर्च करावयास सहसा कोणी पुढें येत नाहीं.

असें कां व्हावें? नवें औषध शोधणाऱ्या कंपनीस आपल्या देशांत वीस वर्षांचें पेटंट मिळतें. त्या मुदतींत तें दुसऱ्या कोणास विकतां येत नाहीं. म्हणून शेंकडों रुग्णांवर वर्षानुवर्षें प्रयोग करणें कंपनीस परवडतें. परंतु ज्याचें पेटंट संपलें, तें औषध कोणीहि करावें आणि कोणीहि विकावें. त्याचा नवा गुण सिद्ध करण्यास एकानें पैसा ओतला, तरी नफा दहाजण वांटून घेणार! गांवच्या विहिरीचें पाणी सगळेच भरतात. गाळ काढण्याची वेळ आली कीं जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, तशांतलाच हा प्रकार आहे.

तथापि हा गाळ काढणारे आपल्याच प्रांतांत निघाले, ही अभिमानाची गोष्ट होय. मुंबईचें टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्यें टाटांच्या विश्वस्त निधींतून उभें राहिलें आणि १९६२ पासून तें केंद्र सरकारच्या अणुशक्ति खात्याकडे आहे. तेथील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं लिग्नोकेन हें औषध निवडलें. दांत काढतांना हिरडी बधिर करण्यासाठीं टोंचतात, तेंच हें! शस्त्रक्रियेच्या वेळीं कर्कपेशी शरीरांत पसरत असाव्यात, आणि गांठीभोंवतीं हें औषध आधीं टोंचल्यास त्यास आळा बसेल, असा त्यांचा तर्क होता.

२०११ पासून देशांतील अकरा रुग्णालयांत १,६०० स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गट पाडण्यांत आले. एका गटास शस्त्रक्रियेच्या आधीं सात ते दहा मिनिटें औषध टोंचलें, दुसऱ्यास नाहीं. बाकीचे उपचार दोहोंस सारखेच. २०२३ मध्यें निष्कर्ष छापून आले. पांच वर्षांअखेर हयात असणाऱ्यांचें प्रमाण पहिल्या गटांत शेंकडा ९०.१, तर दुसऱ्यांत ८६.४ भरलें. हा फरक लहान वाटेल. पण शंभर घरांपैकीं तीन-चार घरांत आई वांचली, असा त्याचा अर्थ आहे. औषधाचा खर्च दर रुग्णामागें शंभर रुपयांच्या आंतबाहेर. तें सिद्ध करण्यास मात्र एक तप गेलें, आणि भार सरकारी खजिन्यानें उचलला.

प्रत्येक तर्क खरा ठरतोच असें नाहीं. मधुमेहावरील स्वस्त मेटफॉर्मिन स्तनाच्या कर्करोगांत उपयोगी पडेल, अशी पुष्कळांस आशा होती. कॅनडांतील संशोधकांनीं पुढाकार घेऊन ३,६४९ रुग्णांवर तें पाहिलें. २०२२ मध्यें त्याचा लाभ होत नसल्याचें दिसून आलें. तो पैसा फुकट गेला, असें आम्ही म्हणत नाहीं. खोटी आशा दूर होणें हाहि लाभच. लिग्नोकेनचाहि पडताळा अन्यत्र पाहिला पाहिजे, आणि त्यासहि पैसा लागेलच.

आपल्या घरांतून दानधर्म होत नाहीं असें नाहीं. वडिलांच्या स्मरणार्थ देवळास फरशी, शाळेस पंखे, दवाखान्यास खाट आपण देतों, व त्यावर नांव कोरवितों. प्रयोगास दिलेल्या पैशावर नांव कोरतां येत नाहीं, आणि निकालाचा भरंवसाहि नसतो. पण त्या १,६०० स्त्रियांनीं तरी आपल्या वांट्यास कोणती चिठ्ठी येईल, हें ठाऊक नसतांनाच संमति दिली होती ना? म्हणून रुग्णालयास देणगी देतांना "संशोधनासाठीं" एवढा एक शब्द लिहून द्यावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. बिनवारशी औषधांस वाली मिळावयाचा, तर तो सरकारी खजिना आणि आपल्यासारखीं घरें यांतूनच मिळेल. आणि गांठ हातास लागली तर ती एक दिवसहि लपवूं नये, हें घरांतील सासूसुनांस व लेकींस आजच सांगून ठेवावें. त्यास तर कसलाच खर्च नाहीं.