वरचं पाणी आणि खालचा कडा

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं आणि रविवारी वस्तीतल्या पोरांना धबधबा आठवतो. दहा बाय दहाच्या खोलीत, गळक्या पत्र्याखाली पावसाळा काढणाऱ्या माणसाला एक दिवस मोकळं आभाळ बघावंसं वाटलं, तर "कशाला जाता मरायला" असं त्याला म्हणणं आम्हाला पटत नाही. लोकलचं तिकीट आणि घरचा डबा एवढ्या खर्चात होणारी दुसरी सहल आपल्याला कोण देणार? जावं. पण धबधबा एका उडीत पडतो की टप्प्याटप्प्याने, हे आधी विचारून जावं. टप्प्याटप्प्याचा असेल तर त्याची रीत वेगळी असते. आम्हालाही ती मागच्या जुलैत कळली.

वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या आम्ही काही जणी. एक-दोघींनी वॉर्डात नर्स म्हणून वर्षं काढलेली. महिला मंडळाच्या 19 बाया आणि 11 पोरं घेऊन कर्जतच्या बाजूला एका तीन टप्प्यांच्या धबधब्यावर गेलो होतो. स्टेशनपासून तासभर चाल, भाताची खाचरं, मग ओढ्याच्या कडेने चढण. पहिल्या टप्प्यावर गर्दी, दारू, स्पीकर. म्हणून आम्ही दुसऱ्या टप्प्यावर चढलो. तिथे ऐसपैस सपाट कातळ, गुडघ्याएवढं स्वच्छ पाणी. डबे उघडले. आमच्यावर पाऊस नव्हता, ऊनही अधूनमधून पडत होतं. गुरं घेऊन चाललेली एक ठाकर आजी थांबली आणि ओरडली, "बायांनो, पाणी लाल व्हाया लागलंय, निघा!" आम्ही निघालो, पण रमतगमत. चपला शोधल्या, डबे गोळा केले. कडेला चढून दहा मिनिटं झाली नसतील, ज्या कातळावर पोरं बसली होती तो दिसेनासा झाला. एक डबा आणि तीन चपला गेल्या. घरी येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर वाहत आले आणि थिजले. काही थर कठीण, काही सच्छिद्र आणि मऊ. पाणी मऊ थर लवकर झिजवतं, कठीण थर पुढे आलेला राहतो. त्यातून पायऱ्या तयार होतात. खंडाळ्याजवळचा कुणे धबधबा असाच तीन टप्प्यांत साधारण 200 मीटर खाली येतो. प्रत्येक पायरीवर बसायला सपाट जागा मिळते आणि पाणी पडतं तिथे डोह. माणसाला वाटतं, ही जागा निसर्गाने आपल्यासाठीच केली. पण त्या सपाट जागेवरून वरची पायरी दिसत नाही, तिच्या मागचा डोंगर तर नाहीच. आणि खालच्या पायरीचा कडा चार पावलांवर असतो, तोही वरून नीट दिसत नाही, कारण पाणी काठापर्यंत संथ वाटतं.

वरच्या डोंगराचा हिशेब करून बघा. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. एक चौरस किलोमीटर पठारावर 10 मिलिमीटरची एक सर आली तर 1 कोटी लिटर. पावसाळ्यात माती आधीच भिजून गच्च झालेली, खाली कातळ. पाणी मुरायला जागा नसते. त्यातलं बरंचसं एका अरुंद घळीतून तुमच्या पायरीवर येतं. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही येतं. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो असतं हे आपल्याला हंडा उचलून माहीत आहे. असे हजारो हंडे मिनिटामिनिटाला पायावर आदळले तर धट्टाकट्टा गडीही गुडघाभर पाण्यात उभा राहत नाही.

2024 च्या 30 जूनला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यावर हेच झालं. पुण्याचं एक कुटुंब सहलीला आलेलं, प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं होतं. पाणी वाढलं, दोन्ही बाजूंनी वाट बंद झाली. एकमेकांना घट्ट धरून ती माणसं उभी होती आणि तशीच वाहून गेली. लेकरांसह पाच जीव गेले. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाईलवर पाहिला असेल, आणि पाहून "बाहेर का नाही आले" असंही म्हटलं असेल. आम्ही त्या ठाकर आजीमुळे बाहेर आलो, एरवी आम्हीही डबेच आवरत बसलो असतो. पाणी वाढायला लागल्यावर निघायची वेळ संपलेली असते. निघायचं ते खूण दिसल्यावर.

खुणा ओळखता येतात. स्वच्छ पाणी गढूळ किंवा लालसर होतं. पालापाचोळा, काटक्या वाहत येतात. आवाज बदलतो, खळखळाटाची घरघर होते. वरच्या डोंगरावर काळं दाटतं किंवा तो धुक्यात दिसेनासा होतो. यातली एकही खूण दिसली की डबा, चप्पल, मोबाईल सोडून कडेला आणि उंचावर जायचं. पलीकडच्या काठावर असाल तर घाईने ओढा ओलांडून अलीकडे येऊ नका, तिकडेच वर चढून पाणी उतरेपर्यंत थांबा. बसायला जागा निवडतानाच एकाने वर आणि एकाने खाली जाऊन बघून यावं. प्रवाहाच्या मधला खडक कितीही छान वाटला तरी बसायचा नाही. आम्ही आता एका मोठ्या बाईला फक्त पाण्याकडे बघायचं काम देतो. ती पाण्यात उतरत नाही, दर अर्ध्या तासाने बाई बदलते.

दुसरी गोष्ट डोहाची. पोहता येणारी पोरंच डोहात जास्त फसतात. धबधब्याखालचं पाणी पांढरं दिसतं कारण त्यात हवा मिसळलेली असते. अशा फेसाळ पाण्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही. वरून पडणारी धार माणसाला खाली दाबते आणि तळातला भोवरा परत धारेकडे ओढतो. तळाशी दगडगोटे फिरून फिरून कातळात रांजणखळगे पडलेले असतात. कमरेएवढ्या पाण्यात एक पाऊल पुढे टाकलं की माणूस डोक्यावरून बुडतो. वरून उडी मारणाऱ्याचं डोकं कशावर आदळेल हे सांगता येत नाही. मानेचं हाड मोडून गळ्याखाली लुळी पडलेली तरणी पोरं आम्ही वॉर्डात पाहिली आहेत. त्यांच्या आया वर्षानुवर्षं त्यांना कुशीवर वळवत राहतात.

कुणी वाहू लागलं तर मागोमाग उडी मारू नका. काठावरून दोर, जाड काठी, एकमेकांना गाठी मारलेल्या साड्या-ओढण्या फेका, आणि फेकणाऱ्याने स्वतः झाडाला किंवा मागच्या माणसाला धरून राहा. वाहणाऱ्याने वेगाच्या पाण्यात उभं राहायची धडपड करू नये, पाय दगडात अडकतो. उताणं व्हावं, पाय पुढे ठेवावेत आणि हात मारत काठ गाठावा, कारण खाली पुढचा कडा आहे.

बाहेर काढलेलं माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं यात लोक मोलाची मिनिटं घालवतात. पोट दाबल्याने पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन फुप्फुसात जातं. उताणं निजवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने तोंडात श्वास द्या. छाती वर आलेली दिसली पाहिजे. बुडालेल्याला सगळ्यात आधी हवा हवी असते. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब द्या, मोठ्या माणसाला दोन इंच खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. 30 दाब, मग 2 श्वास, पुन्हा 30. मदत येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. दुसऱ्या कुणीतरी 108 किंवा 112 लावावा. दरीत रेंज नसते, म्हणून एकाला उंचावर पळवा. शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी दम लावू शकतं. हे सगळं वाचून हाताला येत नाही. वस्तीतल्या चार-पाच जणांनी तरी सरकारी दवाखान्यात विचारून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

आमच्या सहलीत बुडालं कुणी नाही, पण एक सोळा वर्षांचा पोरगा रीलसाठी तिसऱ्या टप्प्याच्या कातळावर चढला आणि शेवाळावरून घसरला. घोटा वाकडा झाला, नडगी सोलवटली. मोठी पोरं त्याला खांद्यावर टाकायला निघाली होती. आम्ही थांबवलं. दोन मिटलेल्या छत्र्या पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या, मध्ये टॉवेल भरला आणि ओढण्यांनी घोट्याच्या वर-खाली बांधलं. बोटं गरम आणि गुलाबी राहतात का ते मध्येमध्ये पाहत गेलो. मग चादरीची झोळी. तासाच्या वाटेला तीन तास लागले. मार डोक्याला किंवा मानेला असता तर त्याला तिथून हलवलंच नसतं, पाणी वाढत असतं तरच हलवलं असतं.

पायाचं बोललो म्हणून आणखी थोडं. साखरेच्या पेशंटनी अनवाणी ओढ्यात जाऊ नये. तळव्याला जाणीव कमी असते, दगड कापला तरी कळत नाही आणि जखम महिनोन्महिने चिघळते. फिट येणाऱ्यांनी पाण्यात उतरूच नये, काठावर बसावं. नऊवारी-सहावारी भिजली की पायात अडकते आणि ओढते, म्हणून बायकांनी त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालावा. कुणी हसलं तर हसू द्या. लहान लेकरं भिजून वाऱ्यात बसली की ओठ निळे पडतात, त्यांना कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे न्या. दारू पिऊन चढणाऱ्याबद्दल काही लिहीत नाही, त्याला घेऊन जाऊच नका. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, हवामान खात्याचा ऑरेंज-रेड अलर्ट असतो. ते आदल्या रात्री पाहा. बंदी असेल तर पैसे बुडाले तरी सहल दुसरीकडे न्या.

त्या पोराचं प्लास्टर झालं आणि आम्हाला वाटलं संपलं. अकराव्या दिवशी त्याला ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देईना, डोळे लाल. गल्लीतल्या डॉक्टरने व्हायरल म्हणून इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी लघवी कमी झाली, डोळ्यांत पिवळेपणा आला. तेव्हा आईला धबधबा आठवला आणि ती आमच्याकडे आली. लेप्टो होता. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून तो जंतू पाण्यात येतो आणि सोलवटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. धबधब्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी वर पठारावर गुरं चरतच असतात. पोरगा सरकारी रुग्णालयात नऊ दिवस होता, वाचला. पहिल्याच दिवशी "जखम होती, पाण्यात गेला होता" हे डॉक्टरला सांगितलं असतं तर इतकं वाढलं नसतं. ही आमचीही चूक. नडगी आम्हीच धुऊन पट्टी केली होती आणि पुढचं सांगायला विसरलो.

मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना महापालिका 72 तासांच्या आत डॉक्टरला भेटून प्रतिबंधक गोळी घ्यायला सांगते. जखम घेऊन ओढ्यात उतरलेल्यानेही तसंच विचारावं. गोळी शेजारणीच्या डब्यातली घेऊ नका. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ती चालत नाही, त्यांचं औषध वेगळं असतं.

आता सहलीहून आलो की आम्ही विहाराच्या फळ्यावर कोपऱ्यात तारीख लिहितो आणि महिनाभर पुसू देत नाही. त्या महिन्यात सहलीतल्या कुणालाही ताप आला की तो डॉक्टरपुढे बसल्यावर आधी ती तारीख सांगतो, मग बाकीचं.