निरोप पावसाआधीच लिहून ठेवू या

जून उजाडला की आम्ही शिक्षक वेळापत्रक, हजेरीपट आणि पुस्तकवाटपात बुडून जातो. त्याच आठवड्यात आणखी एक काम उरकावे असे आम्हांला वाटते. संकटाच्या दिवशी शाळेच्या वेबसाइटवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणारे निरोप आधीच लिहून ठेवावेत. धो धो पाऊस पडत असताना, ऑफिसात एकामागून एक फोन येत असताना, चांगल्या चांगल्यांना नीट वाक्य सुचत नाही. मग ‘शाळा लवकर सुटत आहे’ एवढेच लिहिले जाते आणि घराघरांतून माणसे मुलांना आणायला पाण्यात उतरतात.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मुंबईतली कितीतरी मुले शाळेतच राहिली. मुले सुखरूप होती, पण अनेक आईबापांना ते कळायला मार्ग नव्हता. आज मोबाइल हातोहाती आहे, तरी घोळ संपलेला नाही. 18 ऑगस्ट 2025 ला मुंबईत दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली तेव्हा सकाळची मुले वर्गात होती. अशा वेळी घरच्यांना हवे असते एकच उत्तर: आमचे मूल आत्ता कुठे आहे?

म्हणून निरोपाची सुरुवात तिथूनच व्हावी. नमुना असा:

‘आज दि. ___, वेळ ___. सर्व मुले शाळेच्या वरच्या मजल्यावर सुरक्षित आहेत. रस्त्यावर पाणी असल्याने कोणीही न्यायला येऊ नये. पुढचा निरोप ___ वाजता.’

दुसरा नमुना सुट्टीचा. त्यात तारीख, सकाळचे सत्र की दुपारचे, आणि सुट्टी कोणी जाहीर केली, जिल्हाधिकाऱ्यांनी की महापालिकेने, हे यावेच. हवामान खात्याचा लाल इशारा म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. ही गल्लत दर पावसाळ्यात होते. तिसरा नमुना ‘धोका टळला, मुले अमुक वाजता सुटतील’ असा. तो बहुतेक शाळा विसरतात.

तारीख आणि वेळ यांवर आमचा एवढा भर का? मागच्या वर्षीचा सुट्टीचा निरोप फिरत फिरत पुन्हा येतो. कुवेतला नोकरी करणारे अब्बा तो वाचून घाबरून घरी फोन करतात आणि घरच्यांना काहीच माहीत नसते. काम झाले की जुनी सूचना वेबसाइटवरून काढलीच पाहिजे.

उर्दू माध्यमाच्या शाळांनी निरोप उर्दूत आणि मराठीत, दोन्हींत तयार ठेवावा. दादी उर्दू वाचते, रिक्षावाले काका मराठी. आणि तो टाइप केलेलाच असावा. सजवलेले चित्र कमजोर नेटवर्कवर उघडत नाही, आणि पाऊस पडतो तेव्हा नेटवर्क कमजोरच असते!

वेबसाइटचा पासवर्ड एकट्या कॉम्प्युटरवाल्या सरांकडे असतो. ते स्वतःच पुरात अडकले तर? निदान तिघांना तो ठाऊक असावा, त्यांतला एक शाळेजवळ राहणारा. एकदा सगळ्यांसमोर खोटा निरोप पाठवूनही पाहावा. वर मोठ्या अक्षरांत ‘ही चाचणी आहे’ असे लिहून.

तरीही वेबसाइटवर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घरांत शिरले तेव्हा वीज गेली, मोबाइल बंद पडले. अशा दिवसासाठीचा नियम मुलाच्या डायरीत पहिल्या पानावर चिकटवावा: ‘निरोप आला नाही, तर मूल शाळेतच आहे असे समजा. नोंदवलेल्या माणसाशिवाय आम्ही मूल कोणाच्याही हाती देत नाही.’

हा नियम पाळायचा तर यादी खरी हवी. पालकहो, सिम बदलले, रिक्षा बदलली, मामूंऐवजी आता फुफू न्यायला येते, तर ते वर्गशिक्षकांना त्याच आठवड्यात कळवा. आमच्या रजिस्टरात अजूनही असे नंबर सापडतात, जे लावले की भलताच माणूस ‘हॅलो’ म्हणतो.