शेवटचा नळ

सकाळचे साडेसहा. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता सोडून आत आलं की ही वाडी लागते. आषाढाचा पाऊस थांबायचं नाव घेत नाही. खाचरांत लावणी चाललीय, नीरा-देवघरचा फुगवटा ढगांत दिसेनासा झालाय. उंच टाकीच्या खांबांशी उकिडवा बसून जलसुरक्षक बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवतोय. मी त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा आहे. पावसाचे थेंब पोत्यात पडू नयेत एवढंच माझं काम.

“पन्नास हजार लिटरची टाकी,” तो सांगतो. “हजाराला पाच ग्रॅम, म्हणजे पाव किलो झालं. पण हे उन्हाळ्याचं गणित. आता विहिरीत ओढ्याचं लाल पाणी पाझरतंय. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं.” पावसाळ्यात किती पावडर लागेल ते हॉरॉक्स चाचणी करून ठरवायचं असतं. त्याचं प्रशिक्षण त्यानं तालुक्याला घेतलंय.

पावडर चिमटीत धरून तो नाकाशी नेतो आणि झटकन मान मागे घेतो. “झोंबली, म्हणजे जिवंत आहे.” ताज्या पावडरीत साधारण तेहेतीस टक्के क्लोरीन असतो. ओल लागली, गोळे झाले की तो उडून जातो आणि मागे नुसता चुना उरतो. म्हणून पोतं विटांवर ठेवलंय, तोंड सुतळीनं आवळलंय. बादलीतला चुना खाली बसेपर्यंत तो थांबतो, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओततो आणि ती खांद्याला अडकवून गंजलेल्या शिडीनं वर चढतो. शिडीची एक पायरी निखळलेली आहे. तिथं त्याचा पाय न बघता लांब पडतो.

अर्ध्या तासानं वॉल्व्ह फिरतो. टाकीजवळच शाळेचा नळ आहे. तोवर आशाताई आल्यात, साडीचा पदर खोचून, प्लॅस्टिकच्या पिशवीत रजिस्टर. जलसुरक्षक काचेच्या नळीत पाणी धरतो, क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब सोडतो. पाणी पिवळं होतं. डबीवरच्या रंगपट्टीशी नळी जुळवून तो म्हणतो, “झ्याक आहे. लिहा, ताई.”

“इथं कधी नसतं का, भाऊजी?” आशाताई पेन काढत नाहीत. “खालच्या आळीला चला.”

तेवढ्यात सरपंच छत्री सावरत येतात. गेल्या ऑक्टोबरच्या स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला पिवळं कार्ड मिळालं होतं. विहिरीला धड कठडा नव्हता आणि उकिरडा जवळ होता. आता कठडा बांधलाय, उकिरडा हलवलाय. पावसाळ्यानंतर पुन्हा सर्वेक्षण होईल तेव्हा त्यांना हिरवं कार्ड हवंय. “रजिस्टर कोरं राहू देऊ नका,” ते बजावतात. “साहेब आले की आधी तेच मागतात.”

खालची आळी ओढ्यापलीकडे आहे, पाइपलाइनचं टोक. शेवटच्या घराच्या अंगणात आजी हंडा लावून बसल्यात. नळाला करंगळीएवढी धार. नळी भरली जाते, थेंब पडतात. आम्ही सगळेच वाकून बघतो. पाणी पांढरंच राहतं. जलसुरक्षक नळी हलवतो, उजेडाकडे धरतो, पुन्हा भरतो. पांढरंच.

भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा. शाळेपाशी होता. इथवर येता येता कशात तरी तो खर्ची पडलाय.

“वास येत न्हाई ते बरंच हाय की,” आजी म्हणतात. “परवा चहालासुदिक त्या पावडरीचा वास येत व्हता.”

“आजी, वास येतो तेव्हाच पाणी चांगलं असतं,” आशाताई सांगतात.

जलसुरक्षक पाइपच्या मागावर उलटा निघालाय. गोठ्याच्या कडेला वॉल्व्हचा खड्डा आहे, शेणपाण्यानं काठोकाठ भरलेला. तो बाही सारून दंडापर्यंत हात घालतो. जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली हाताला लागते, सैल झालेली. दिवसातून तासभर पाणी सुटतं तेव्हा पाइप भरलेला असतो आणि गळती बाहेरच्या बाजूला होते. पुरवठा बंद झाला, पाइप रिकामा होऊ लागला की तोच जोड खड्ड्यातलं पाणी आत ओढून घेतो. दुसऱ्या दिवशीचा पहिला हंडा त्याच पाण्याचा. टाकीत कितीही पावडर टाकली तरी या खड्ड्यापुढे ती पुरत नाही.

आशाताई एच२एसची बाटली काढतात, खुणेपर्यंत पाणी भरतात, त्यावर आजची तारीख आणि घराची खूण लिहितात. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जिवाणू असल्याचा संशय धरायचा. पण ते कळायला एक-दोन दिवस लागतात, आणि वाडीला तहान आज आहे.

“माझा ल्योक धायरीला ऱ्हातो,” आजी मधेच म्हणतात. “तिकडं त्यो जीबीएस आला तवा महिनाभर पानी उकळून पीत व्हते.” 2025च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात आलेल्या गुलेन बारे सिंड्रोमच्या साथीची ती आठवण या वाडीलाही आहे. संशय तेव्हाही पाण्यावरच होता.

आशाताई ओट्यावर रजिस्टर उघडतात. सरपंच जवळ सरकतात. “शाळेचं लिहा ना. तिथं तर पिवळं आलंय.”

“शाळेचं लिहिते. खाली हेही लिहिते.” एका ओळीत ‘आहे’, दुसऱ्या ओळीत ‘नाही’. “कार्ड पिवळं राहिलं तर राहू द्या. उद्या हगवणीचे पेशंट निघाले तर मला प्रत्येक घराच्या पायऱ्या चढायच्यात.”

सरपंच दोन्ही ओळी वाचतात. मग मोबाइल काढून प्लंबरला फोन लावतात. तो लावणीत अडकलाय, दुपारनंतर येईन म्हणतो. “दुपारनंतर नाही, आत्ता. आणि चांगला जोड आण, ट्यूब नको.” फोन ठेवून ते जलसुरक्षकाला सांगतात, “खड्डा उपसून घे. वरून सिमेंटचं झाकण टाकू. शिडीचंही बघतो.”

“मग ह्या हंड्याचं काय करू?” आजी विचारतात.

“भांडी घासा त्यानं,” आशाताई पिशवीतून मेडिक्लोरची बाटली काढतात. “प्यायचं पाणी उकळा, नाहीतर यातले थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवा. किती टाकायचे ते दाखवते. आणि आजी, उद्यापासून भाऊजी तुमच्याच नळाला आधी येतील. शाळेच्या नळाला नंतर.”