लाकूड-बांबूचं घरकुल 'पक्कं' असू शकतं का?

भातसानगरच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या ठाकूर आणि कातकरी पाड्यांवर कुडाची घरं आजही दिसतात. सरकारी हिशेबात ती 'कच्ची'. 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत गवत, बांबू, माती आणि लाकडाच्या भिंती कच्च्या गटातच धरल्या होत्या. पण घर कच्चं ठरतं ते लाकडामुळे की बांधणीमुळे?

कुडाच्या घराची खुबी

या घराचं वजन भिंती पेलत नाहीत, लाकडी मेढी आणि आडव्या तुळया पेलतात. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेला कुड हा फक्त आडोसा. त्यामुळे तो काढून दुसरीकडे उभा करता येतो. मुलाचं लग्न झालं की बाजूला पडवी काढता येते. म्हणजे माणसं वाढली की घरही वाढतं.

घरकुलात अडतं कुठे?

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 270 चौरस फूट. विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टेकवला की पुढे भिंत हलवणं धोक्याचं. वाढीची सोय आधीच ठेवावी लागते. 1980 च्या दशकात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरमध्ये तेच केलं होतं. तिथल्या घरांना शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं घर वाढवता येतं.

आणि वाळवी?

मेढ जमिनीत पुरली की ओल आणि वाळवी तिथूनच शिरते. खरा कच्चेपणा हा. उपाय साधे आहेत: खांब उंच जोत्यावर दगड किंवा काँक्रीटच्या पायावर बसवायचा, बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया करायची आणि पावसाचा मारा अडेल इतकं छप्पर बाहेर काढायचं. कारण भिजत राहिलं तर हे औषध धुऊन जातं.

नियम काय सांगतात?

योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पक्कं घर म्हणजे नेहमीच्या देखभालीत किमान 30 वर्षं टिकणारं घर. 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत लाकूड आणि बांबूसाठी स्वतंत्र विभाग आहे. 2017 मध्ये बांबू कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं सोपं झालं.

तुमचं घरकुल मंजूर झालं असेल, तर पाया खणण्याआधीच पंचायत समितीच्या अभियंत्याला दोन गोष्टी विचारा: लाकूड-बांबूचा सांगाडा चालेल का, आणि उद्या एक खोली वाढवायची तर कोणत्या बाजूला?